लग्नपत्रिकेच्या पाठीवरचा थेंब

मारोती मिस्तरी आलेली लग्नपत्रिका वाचत नसत. हातात पडली की ती उलटी करायचे, पाठीवर अंगठा फिरवायचे आणि कागद पसंत पडला तर गॅरेजच्या फळीवर ठेवून द्यायचे. लग्नाला ते क्वचितच जात. पण गोरेगावात पत्रिका वाटताना त्यांना कुणी वगळत नसे, कारण त्या पत्रिका कोणत्या कामी येतात हे सगळ्या गावाला माहीत होतं.

मला ते माझी मोटारसायकल दाखवायला नेली तेव्हा कळलं. मी या गावी शाळेत इतिहास शिकवायला नवाच आलो होतो. मिस्तरींनी गाडी चालू केली नाही की शिवीही दिली नाही, त्यामुळे मला हा माणूस खरा मिस्तरी आहे की नाही अशी शंका आली. त्यांनी इंजिनातून तेलाचा एक थेंब काढला, कुणाच्या तरी शुभविवाहाच्या पाठीवर टाकला, शेजारी पेन्सिलीनं ‘नवे सर’ असं लिहिलं आणि म्हणाले, “उद्या या. रातभर पसरू द्या त्याला.”

दुसऱ्या दिवशी थेंबाचं एक काळं बेट झालं होतं. मधे डांबरासारखा गोळा, कड एकदम धारदार, बाहेर काहीच नाही.

“तेल मेलं तुमचं,” मिस्तरी म्हणाले. “जित्तं तेल कचरा संग घेऊन लांब चालतं, हळूहळू फिकं होतं. हे जागेवरच बसलं. अन् समजा भवती फिकट पाण्यावानी कडं आलं असतं, तर पेट्रोल मिसळून राहिलं म्हणायचं.”

मी त्यांना विचारलं, पत्रिकाच कशाला? त्यावर मिळालेलं उत्तर मी पुढे अनेक समारंभांत बसून मनातल्या मनात घोळवलं आहे. “गरिबाघरची पत्रिका बरी असती सर. कागद तेल पितो. मोठ्या घरची नुसती गुळगुळीत. काहीच घेत न्हाई.”

तेव्हापासून रविवारी सकाळी मी तिथे बसू लागलो. घरी वह्या तपासायला शांतता मिळत नाही असं मी सांगत असे आणि गॅरेजमध्ये वह्या घेऊन जात असे. बायकोनं यावर भाष्य केलं नाही.

मिस्तरींचं घराणं मेंढरांचं. वडील कळप घेऊन डोंगरकड्याच्या बाजूला रानोमाळ हिंडायचे आणि मिस्तरी लहानपणी त्यांच्या मागे. अंधारात कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं हे वडील वासावर सांगायचे म्हणे. मेंढरं विकली गेली, पण नाक मुलाकडे आलं. तेल कोणतंही असो, मिस्तरी आधी दोन बोटांत चोळत, मग नाकाशी नेत आणि मगच बोलत. दुकानात पिवळ्या रंगाचे एकसारखे दोन डबे होते. एकात गिअरबॉक्सचं तेल, दुसऱ्यात मागच्या चाकांच्या मधे जो भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो त्याचं. त्या गोळ्यात क्राऊन आणि पिनियन ही दोन दातेरी चाकं एकमेकांवर घासत फिरतात, गाडीचा सगळा जोर तिथून जातो. म्हणून त्याच्या तेलात गंधक घातलेलं असतं. ते लोखंडाला वाचवतं, पण गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना हळूहळू खातं.

“मग डब्यांवर नाव का लिहीत नाही?” मी विचारलं होतं.

“काहून लिहायचं? एकाला सडक्या अंड्याचा वास हाय, एकाला न्हाई. आपल्या लेकराच्या गळ्यात कुणी पाटी बांधतं का?”

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

त्यांचा दुसरा नियम असा, की कुणीही ‘चांगलं तेल टाका’ म्हटलं की ते हात पुसून उभे राहत आणि विचारत, “गाडी कुठं चालती?” हिंगोलीच्या डांबरी रस्त्यावर चालते, रानात ट्रॉली ओढते, नरसीला माणसं घेऊन जाते, की अंगणात उभी राहून शोभा देते, हे कळल्याशिवाय ते डब्याला हात लावत नसत. एका नव्याकोऱ्या गाडीवाल्यानं सर्वांत महागडं तेल मागितलं, तर मिस्तरी म्हणाले, “चांगलं तेल असं काही नसतं साहेब. ह्या गाडीचं तेल असतं, अन् ह्या गाडीचं नसलेलं असतं.” साहेब रागावून सेनगावला गेले. मिस्तरींनी त्यांची पत्रिका तपासली. गुळगुळीत होती.

हे सगळं सांगायचं कारण दत्ताची जीप.

दत्ता गोरेगाव ते सेनगाव सवाऱ्या नेतो. बसायची जागा नऊ जणांची, बसतात किती ते विचारू नये. घरात आई, बायको, दोन मुली, तो स्वतः आणि या पाच जणांना पोसणारी ती एक जुनी डिझेल जीप. त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका आटलेल्या तलावात जीपच्या शर्यती ठरल्या. पहिल्या नंबराला चार नवे टायर. दत्ताचे टायर इतके गुळगुळीत झाले होते की त्याला झोपेतही ते चार टायर दिसायचे. मात्र शर्यत रविवारी आणि सोमवारी सकाळी सातला सवाऱ्या उभ्या. गाडी एकच.

तो चार दिवस आधी, बुधवारी, जीप घेऊन गॅरेजला आला. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, त्यामुळे मीही हजर होतो. शर्यतीचा खर्च उचलणाऱ्या तेलवाल्यांनी प्रत्येक स्पर्धकाला एक चकचकीत डबा फुकट दिला होता. त्यावर ज्वाळा आणि धावता घोडा.

“मामा, रेसिंगचं तेल हाय. हेच टाका.”

मिस्तरींनी बोटांत चोळलं. “तेल झकास हाय. नव्या इंजनाला अमृत. तुहं इंजन म्हातारं, फटी पडलेलं. हे पातळ तेल गरम झालं की पाण्यावानी वाहून जाईल अन् तेलाचा लाल दिवा लागंल. तुला वीस-पन्नास नंबरचं टाकतो. धूळ, ऊन, इंजन बोंबलून राहिलं तरी जाड राहतं. अन् सोमवारी सवाऱ्यालाबी तेच चालंल.”

“मग जरा खुणेच्या वर भरा. शर्यत हाय.”

“काहून? वर भरलं की आतला दांडा तेल घुसळतो, ताकावानी फेस होतो. फेसानं काय लोखंड वाचतं का? खुणेपर्यंत म्हंजे खुणेपर्यंत.”

मग त्यांनी गिअरबॉक्स आणि मागचा गोळा, दोन्हींचं तेल बदललं. पिवळा डबा उघडला, नाकाशी नेला, मान हलवली, ओतला. दुसरा उघडला, नाकाशी नेला, मान हलवली, ओतला. मी वहीतल्या पानिपतावरून डोकं वर काढलं, कारण गिअरबॉक्समध्ये तेल जाताना मला सडक्या अंड्याचा वास आला. मागच्या गोळ्यात ओतताना आला नाही.

मी गप्प बसलो. मंचावरच्या कुणाही माणसावर मी सहज अविश्वास दाखवू शकतो, हा माझा आयुष्यभराचा लौकिक. पण खाली बसून, हात काळे करून काम करणाऱ्या माणसाला ‘चुकलात’ म्हणायची माझी छाती झाली नाही. वारा फिरला असेल, असं मी स्वतःला समजावलं.

रविवारी तलावात माणसांचा पूर लोटला होता. पाणी असताना तिथे एवढी गर्दी कधी झाली नव्हती. शर्यत नऊला सुरू होणार होती, उद्‍घाटन मात्र प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते व्हायचं होतं. त्यांच्या फलकावर एकवीस चेहरे होते आणि त्यांतला एकही अजून आला नव्हता. मिस्तरी दत्ताच्या जीपजवळ उकिडवे बसले होते. भरवसा नको म्हणून त्यांनी आपले दोन पिवळे डबे सोबत आणले होते. इतर ड्रायव्हर हॉर्न वाजवून एकमेकांच्या आया-बहिणींची चौकशी करत होते. चार दिवस डोक्यात वळवळणारा प्रश्न मी शेवटी विचारला, अगदी शिकाऊ माणसाच्या आवाजात.

“मिस्तरी, गिअरबॉक्सच्या तेलालाही गंधकाचा वास असतो का हो?”

“न्हाई.”

“बुधवारी आला होता.”

मिस्तरींनी एका डब्याचं झाकण उघडून तो माझ्यापुढे धरला. “ह्याला येतो का?”

“नाही.”

दुसरा. “ह्याला?”

“येतो. चांगलाच.”

मिस्तरींनी तो डबा पुन्हा स्वतःच्या नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच धरला. “मला येत न्हाई सर,” ते म्हणाले. “माघात ताप आला व्हता ना, तवापासून न्हाई. कशाचाच न्हाई. बायकोनं भाजी करपवली तरी मी खाऊन राहिलो. वाटलं, येईल परत. जागेवरून डबे उचलत व्हतो. कुणीतरी जागा बदलली, का मीच बदलली, देव जाणे.”

म्हणजे दत्ताच्या जीपच्या गोळ्यात गंधक नसलेलं तेल होतं. सवाऱ्या घेऊन सावकाश जाताना ते काही दिवस निभावलं असतं. शर्यतीच्या उड्या आणि हिसक्यांत क्राऊनचे दाते उडाले असते तर सोमवार सकाळपासून पाच माणसांच्या पोटाचा प्रश्न होता. हेही खरं, की कदाचित काहीच झालं नसतं. आणि झालं असतं तरी सगळ्यांनी शर्यतीलाच दोष दिला असता. हे तिथे दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक मी होतो.

मिस्तरी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दत्ताकडे गेले. तो चार-पाच ड्रायव्हरांच्या घोळक्यात उभा होता. मिस्तरींनी त्याला बाजूला बोलावलं नाही.

“दत्त्या, गाडी काढू नको. मागं चुकीचं तेल पडलं. मी टाकलं. माहं नाक गेलं, मी कुणाला सांगितलं न्हाई.”

घोळक्यातला एक जण हसला. “मामा, आमच्या गाड्यांत काय टाकलं मग? तिळाचं तेल?”

“माघानंतर ज्याची केली त्यानं घेऊन या. फुकट बदलून देतो,” मिस्तरी म्हणाले. तो ड्रायव्हर हसायचा थांबला. त्याची गाडी फाल्गुनात झाली होती.

दत्ताचा चेहरा उतरला. “मामा, आता कुठं? नऊला झेंडा हाय.”

“मागचंच बदलायचं. पितळ चार महिन्यांनी रडंल, क्राऊन आजच रडंल. तासभर दे.”

तो तास आम्हांला प्रमुख पाहुण्यांनी दिला. नऊचे दहा झाले, दहाचे साडेअकरा. मिस्तरी जीपखाली पाठीवर झोपले, मी डबे धरून उभा. खालचं बूच काढून तेल गळेपर्यंत वाट पाहायची, मग बाजूच्या भोकातून ओसंडेपर्यंत नवं भरायचं. ओतण्याआधी जीपखालून काळा हात बाहेर आला. “सर, नीट घ्या वास. इतिहास न्हाई हा.” मी तीनदा घेतला. मग दत्तानं घेतला. मग त्या हसणाऱ्या ड्रायव्हरलाही घ्यायला लावला. तिघांचं एकमत झाल्यावरच तेल आत गेलं. भरून होतं न होतं तोच पाहुणे आले आणि त्यांनी पाऊण तास युवाशक्तीवर भाषण केलं. सरकारी शाळेत बावीस वर्षं भाषणं ऐकली आहेत. एखादं भाषण कुणाच्या उपयोगी पडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

काढलेल्या तेलात लोखंडाचा चुरा आला आहे का ते पाहायला मिस्तरींनी खिशातून कागद काढला. शर्यतीचं निमंत्रण होतं, एकवीस चेहऱ्यांचं. थेंब त्यावरून घरंगळून खाली पडला. त्यांनी ते चुरगाळलं आणि दुसऱ्या खिशात हात घातला.

दत्ता पाचांत तिसरा आला. टायर मिळाले नाहीत, एक ढाल मिळाली, ती मुलींनी दोन दिवसांत तोडली. सोमवारी सात वाजता जीप सेनगावला गेली. मी मुद्दाम फाट्यावर उभा राहून ती पाहिली.

त्यानंतर मिस्तरींनी माझ्याकडून दोन मोठी नावं लिहून घेतली आणि डब्यांवर डकवली. तरीही प्रत्येक गिऱ्हाइकापुढे डबा उघडून धरत. “घ्या, तुमीच वास घ्या. मला येत न्हाई.” हे ते आपली उंची सांगावी तसं सांगत, दाराशी आलेल्या परक्यालासुद्धा. काही जण पुन्हा फिरकले नाहीत. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच फिरकले. म्हातारे शेतकरी डोळे मिटून, जबाबदारीनं, डब्यात नाक खुपसत आणि एकमेकांकडे पाहून निकाल देत.

मिस्तरी मागच्या थंडीत गेले, चार दिवसांच्या दुखण्यानं. त्यांच्या पत्नीनं मला बोलावून फळीवरचा गठ्ठा दिला. “तुमी वाचणारं माणूस, घेऊन जा. माझ्या घरात आता गाड्या नकोत.” चारशे-पाचशे तरी पत्रिका असतील. पाठीवर एकेक वाळलेला थेंब आणि शेजारी पेन्सिलीनं गाडी आणि तिचा दोष. ‘पाटलाचा ट्रॅक्टर, पाणी जातं.’ ‘नवे सर, तेल मेलं.’ ‘दूधवाल्याची गाडी, डिझेल मिसळतं.’

त्यात एक पत्रिका जाड, पिवळट कागदाची होती. थेंब सगळीकडून सारखा पसरलेला, लोखंडाची चमक नावापुरती. उलटून पाहिलं तर त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नाची, बरीच जुनी. शर्यतीच्या दिवशी दुसऱ्या खिशात तीच असणार. मी परत पाठीवर पाहिलं. अक्षर वाकडं होतं, जीपखाली झोपून लिहावं तसं.

‘दत्ताची जीप. दोष माझा.’