देवराईत बूट

गेटबाहेर बुटांचे चाळीस जोड ओळीने मांडलेले होते आणि माणसं आत जंगलात होती. अनवाणी. हातात कुदळी घेऊन.

मी ऑकलंडमध्ये रिस्टोरेशनचं काम करते, म्हणजे मोडलेलं जंगल पुन्हा उभं करायचं. वादळाने आमच्या पार्कमधली मोठी झाडं आडवी केली होती. वरची सावली गेली की खाली तण माजतं आणि देशी रोपांना जागाच उरत नाही. सहाशे रोपं आलेली, हंगामातला हा शेवटचा शनिवार. आज ती लागली नाहीत तर ही जागा तणाच्या घशात जाणार होती. म्हणून मी फ्लॅट बुश या उपनगरातल्या मराठी मंडळींना हाक मारली. चाळीस जण आले, तेही वेळेवर. तिथेच मला शंका यायला हवी होती.

इथल्या कौरी नावाच्या झाडाला मातीतून रोग लागतो आणि ती माती बुटांना चिकटून पसरते. म्हणून गेटवर ब्रश आणि औषधाचा स्प्रे ठेवलेला असतो. बूट घासायचे, फवारायचे, मगच आत.

मी रोपं उतरवून येईपर्यंत हा प्रकार झाला होता.

"काका, बूट का काढले?" मी कुलकर्णीकाकांना विचारलं. काका मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी काढले म्हणून बाकीच्यांनी काढले.

"अगं, तूच ग्रुपवर लिहिलंस ना, ही इथल्या लोकांची देवराई आहे म्हणून? देवराईत पायताण घालून जातं का कोणी? पायांवर औषधही मारलंय, बघ."

लिहिलं होतं खरं. मोठी हौस मला, जंगलाचं महत्त्व पटवून द्यायची! माझा मलाच राग आला.

तेवढ्यात सेफ्टी ऑफिसर शेरॉन आली. इथली माणसं सुपरमार्केटमध्येही अनवाणी फिरतात, पण साइटवर बूट म्हणजे बूट.

"साइट बंद," ती म्हणाली.

"पण इतके क्लीन पाय मी आजवर पाहिले नाहीत," माझा बॉस क्रेग म्हणाला. "कौरीसाठी एकदम झकास, स्वीट अ‍ॅज!"

"क्रेग, त्यांनी कातडीला केमिकल लावलंय!"

दोघांची जुंपली. काका मध्ये पडले. शेरॉनच्या बुटांकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, यू ऑल्सो रिमूव्ह, प्लीज."

शेरॉनने माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं.

शेवटी तोडगा निघाला. सगळ्यांनी बाहेर यायचं, पाय धुवायचे, बूट घासून घालायचे आणि परत आत. ब्रश मात्र एकच. कोणीतरी डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात पळालं आणि भांडी घासायचे सहा ब्रश घेऊन आलं.

काका हटेनात. "मी बूट घालून आत जाणार नाही."

"मग जाऊच नका!" मी ओरडले. बोलून गेले आणि वाईट वाटलं.

काकांनी शांतपणे एक ब्रश उचलला. "आण इकडे तुझे." दिवसभर ते गेटवर बसून लोकांचे बूट घासत होते. शेरॉनचेसुद्धा.

दिवस मावळायच्या आत सहाशेवं रोप लागलं. शेरॉनच्या रिपोर्टमध्ये 'घटनेचं कारण' या रकान्यात माझं नाव आहे.

नियमामागचं कारण समजावून सांगा, असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात. जरूर सांगावं. फक्त आपल्या माणसांना सांगताना देव मध्ये आणू नये. एकदा तो आला की सेफ्टी ऑफिसरचं काही चालत नाही.