गोठ्यातल्या लुखम्या

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत होत्या आणि बदलून आलेले कारकून खोलीसाठी गल्ल्या पालथ्या घालत होते. त्यातलाच एक माझा नवरा. आम्ही नांदेडहून आलो. मोठ्या मिनतवारीनं खोली मिळाली ती एका लिंगायत घरात. घरमालक दिवसभर गंजातल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या, दुकानात असत. घरात शब्द चालायचा तो मालकिणीचा. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आवाज खणखणीत. किल्ली देताना त्यांनी एकच अट घातली.

“घरात अंडंसुद्धा शिजायचं न्हाई.”

“हाव, हाव,” नवरा म्हणाला. खोलीसाठी तो त्या दिवशी कशालाही हाव म्हणाला असता.

मी त्यांना अक्का म्हणू लागले. अक्का फटकळ होत्या, पण मनात काही ठेवायच्या नाहीत. माहेर उदगीरच्या पलीकडचं, त्यामुळे माणसांशी मराठी बोलायच्या आणि गाईशी कानडी. मागच्या दारी गोठा होता, त्यात ही एकच गाय आणि तिचं वासरू. संध्याकाळी “बा, बा” करत गाईच्या मानेवरून हात फिरवताना अक्कांचा आवाज असा मऊ व्हायचा की मला हसू यायचं. मालकांच्या वाट्याला तो आवाज कधी आलेला मी ऐकला नाही.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. आड आटला, टँकर सुरू झाले, कडबा मिळेनासा झाला. अक्कांनी आधी वासरू विकलं आणि त्याचं दावं गोठ्यातल्या खुंटीला टांगून ठेवलं. जनावर विकलं तरी दावं गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, ही आमच्याकडे सगळ्यांचीच रीत. गाय मात्र विकणार नाही म्हणाल्या. जळकोटकडे त्यांच्या भावाच्या विहिरीला अजून पाणी होतं. भाऊ आला आणि गाय घेऊन गेला. पाऊस पडला की आणून सोडतो, म्हणाला. त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत.

त्याच सुमारास मला दिवस गेले. पोटात काही ठरेना. वरणाचा वास आला तरी उलटी. आणि खावंसं वाटायचं ते एकच, लुखमी. माझे वडील नांदेडच्या इतवाऱ्यातून रविवारी आणायचे, वर्तमानपत्रात बांधून. मैद्याची चौकोनी, खुसखुशीत पुडी, आत मसाल्याचा खिमा. कागदाला तेल फुटलेलं असायचं आणि आम्ही भावंडं त्या कागदाचासुद्धा वास घ्यायचो. लातुरात ती कुठं मिळेना. मी नवऱ्याकडे रडले, त्यानं केळी आणली.

अक्कांनी एक दिवस मला धरलंच. “काय खावंसं वाटून राहिलंय ते सांग. लई वाळलीस.”

मी सांगितलं. त्यांनी कानाला हात लावले नाहीत. डोहाळे म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना आणि हो म्हणायला जीभ वळेना. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, “गोठा रिकामाच हाय. गाय येईपर्यंत तिथं काय करायचं ते कर. भांडी वेगळी ठेव. आन ती चूल मला शिवायला लावू नको.”

मी तीन विटा मांडल्या. मटणाची चूल माहेरीसुद्धा घराबाहेर अंगणातच असायची, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मटण मिळण्याची अडचण नव्हती. चाऱ्यावाचून लोक शेळ्या बाजारात ओढून आणत होते. त्या उन्हाळ्यात मेथीची जुडी महाग आणि मटण स्वस्त, असा उलटा कारभार होता.

अडचण पाण्याची. खिमा धुवायला पाणी फार जातं, म्हणून मी अख्खं मटणच धुऊन घ्यायची आणि मग पाटावर सुरीनं बारीक करायची. हात भरून यायचे. अक्का दारात उभ्या राहून, दुसरीकडे बघत, सांगायच्या, “मैदा भिजवायला माझ्या घागरीतलं घे. मटणाला तुझं तू बघ.” या न्यायाला कोण काय बोलणार!

पहिल्या वेळी खिमा ओला राहिला आणि लुखम्या तेलात फुटल्या. तेल उडालं, हात भाजला. मग कळलं की आलं-लसूण, तिखट, गरम मसाला घालून तो अगदी खडखडीत कोरडा होईस्तो परतायचा आणि गार होऊ द्यायचा. कोथिंबीर औषधालाही नव्हती. मी धने भाजून, भरडून घातले. मैद्याला तुपाचं मोहन, घडीवर घडी घालून लाटायचं, चौकोन कापायचे, कडा पाण्यानं चिकटवायच्या. पुढच्या वेळी जमल्या. रिकाम्या गव्हाणीवर ताट ठेवून मी उभ्यानंच खाल्ल्या. पोटात ठरल्या. बाकी भातसुद्धा मग हळूहळू ठरू लागला.

आठवड्यातून एकदा तरी चूल पेटायची. अक्का रोज सकाळी आभाळाकडे बघायच्या. मीही बघायची, पण आमचं बघणं एक नव्हतं. पाऊस पडला की गाय येणार आणि माझी चूल उठणार. पाऊस पडूच नये असं मी कधी म्हटलं नाही. जरा उशिरा पडला तर बरं, असं मात्र मला वाटायचं.

पाऊस झाला, बेताचाच. मी ठरल्याप्रमाणे विटा उचलून भिंतीकडे रचल्या, राख काढली, गोठा शेणानं सारवला, गव्हाण पुसली. अक्कांनी शेजारून कडब्याची पेंढी मागून आणली. दुपारी त्यांचा भाऊ आला. एकटाच. ओट्यावर बसून तो बराच वेळ खाली मान घालून बोलत होता. त्याची विहीरही आटली होती, एवढं मला ऐकू आलं. चहा न घेताच तो गेला.

मी गोठ्यात गेले तेव्हा खुंटीला दोन दावी होती.

अक्का भिंतीपाशी वाकल्या होत्या. एकेक वीट उचलून आणत होत्या आणि मी सारवलेल्या जमिनीवर, होती त्याच जागी मांडत होत्या.

“अक्का, नका शिवू त्या विटा,” मी म्हणाले.

“आता कशाला उचलायची चूल,” त्या म्हणाल्या. “राहू दे हितंच.” तिसरी वीट डुगडुगत होती, तिच्याखाली त्यांनी खापरी सारली. मग म्हणाल्या, “सकाळपास्नं राबून राहिलीस. भूक लागली असंल.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण भूक खरंच लागली होती. नवऱ्यानं मटण आणलं, अक्कांनी मैद्यापुरतं पाणी दिलं आणि संध्याकाळी मी लुखम्या केल्या. चांगल्या झाल्या होत्या. मी सगळ्या खाल्ल्या.