बर्फ मऊ होईपर्यंत

आमच्या गावची स्कूलबस चालवणारी मार्लिस दर जुलैत पाठीला स्की बांधून ॲडम्स ज्वालामुखी चढते. सकाळी माथ्यावरचा बर्फ काचेसारखा कडक असतो. उन्हानं तो मऊ होईपर्यंत वर बसून राहायचं, मग स्कीवरून घसरत उतरायचं, हा इथला शिरस्ता. तिचा नवरा ऑरिन कधीच थांबला नाही. तो आपटत-धोपटत आधी खाली जायचा आणि तिथून हाका मारायचा; ही वरून शिव्या द्यायची.

गेल्या हिवाळ्यात ऑरिन वारला. यंदा मी सोबत गेलो. बर्फ मऊ झाला, सगळे घसरत निघून गेले, तरी ही बसलेलीच.

"ऊठ की, आता बर्फाचा चिखल होईल."

"होऊ दे. खाली कोण खोळंबलंय?"

मी खाली गेलो आणि हाक मारली.

वरून शिवी आली. मागोमाग मार्लिस.