दोन नरसय्यांची एक फाईल

इरप्पा गेल्याचं मला टाइमकीपरने गिरणीच्या गेटावरच सांगितलं. मी सायकल लावली, आत गेलो आणि दिवसभर काम केलं… तेही नेहमीसारखं बिनचूक.

दुष्काळानंतरच्या वर्षी कामगारांच्या दोन हजार एकशे चाळीस फायली नीट लावायचं काम माझ्याकडे आलं. रेकॉर्ड रूम इरप्पांच्या ताब्यात होती. पुठ्ठ्यांवर त्यांनी आपल्या सोयीची नावं लिहिली होती : 'उंच नरसय्या', 'तबलेवाला नरसय्या'. ते रजेवर गेले की सगळं अडायचं. मी सात कलमांचा कागद तयार केला. आडनाव, नाव, खातं या क्रमाने नवं लेबल लावायचं आणि फाईल त्या खात्याच्या खणात ठेवायची. सहावं कलम असं, की एकाच लेबलाच्या दोन फायली निघाल्या तर एकाच माणसाच्या समजून एकत्र शिवाव्यात. डोकं न चालवताही काम बरोबर होईल, याचा मला अभिमान होता.

"साहेब, ही दोन मानसं हायत की," इरप्पा म्हणाले. दोन्ही नरसय्या विणकाम खात्यातले, आडनावही एकच.

"कागदात काय लिहिलंय?"

"कागदानं नरसय्याला बघितलंय व्हय?"

"प्रत्येकासाठी वेगळा नियम केला, तर नियम कशाला?"

ते हसले आणि त्यांनी दाभण उचललं.

आठ महिन्यांनी एकाच्या गैरहजेऱ्यांपायी दुसऱ्याला कामावरून काढायची नोटीस गेली. तो भांडला, घोळ उघड झाला, नोटीस मागे घेतली. मॅनेजरनी मला विचारलं, "फायली शिवल्या कुणी?" मी म्हणालो, "इरप्पांनी." उत्तर खोटं नव्हतं. सहाव्या कलमाबद्दल कुणी विचारलं नाही… बावीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलेला माणूस रखवालदार म्हणून गेटावर बसवला गेला.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नीला, पार्वतीवहिनींना, सगळं सांगितलं. "त्यास्नी ठाऊक व्हतं की," त्या म्हणाल्या. मग ते मॅनेजरशी का बोलले नाहीत? "मी बी तेच इचारायची. तर म्हनायचे, मानूस हिशोबाला पक्का हाय, आज ना उद्या सोताच सांगंल."

पाच वर्षं रोज संध्याकाळी मी निघालो की इरप्पा स्टुलावरून उठायचे आणि मी सायकलवर टांग टाकेपर्यंत बसायचे नाहीत. मी ती अदब समजत होतो.

सहावं कलम माझं होतं, हे परवा मॅनेजरना लेखी कळवलं. निघताना गेटावर पाय थबकले. स्टुलावर आता दुसरे गृहस्थ असतात. त्यांनी बसल्याबसल्याच विचारलं, "काय साहेब, आत काही राहिलं का?"