धुऱ्यावरची इंग्रजी

नोकरीच्या मुलाखतीला भंडाऱ्याला गेले आणि इंग्रजीतला पहिलाच प्रश्न ऐकून मुकाट परत आले, तेव्हा बाबांनीच माझ्या मोबाइलवर शब्द शिकवणारं ॲप टाकून घ्यायला लावलं. फुकटातलं होतं, त्यामुळे शब्द कमी आणि जाहिराती जास्त. मला त्याचा मनापासून कंटाळा होता. बाबांना नव्हता.

धानाची रोवणी चालू होती. दुखणं लागल्यापासून बाबांना चिखलात उतरवत नव्हतं. मी आणि आई बांधीतल्या गुडघाभर पाण्यात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायचो आणि बाबा शेताच्या कडेला धुऱ्याच्या उंचवट्यावर छत्री धरून बसायचे, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत माझा मोबाइल. पिशवीवरूनच बोट दाबायचे. आतली बाई शब्द बोलली की मी अर्थ ओरडून सांगायचा. चुकले की बाबा खो खो हसायचे, मग तोच शब्द स्वतः दोनदा म्हणायचे. आई आपली तिकडे बायांबरोबर गाणं म्हणत पुढं सरकायची.

शब्द तरी कसले? विमानतळ, बर्फ, सुटकेस.

"हे कायले लागते आपल्याले?" मी चिडायचे.

"लागन कधीतरी."

शेजारच्या बांधीतली काकू विचारायची, "पोरगी शिकून राहिली का बाप?"

धान कापणीला आलं तोवर बाबा निम्मे झाले होते. नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. आई खाली आधीच लिहून दिलेल्या औषधांच्या रांगेत थांबली. वर आम्हा बापलेकीसमोर डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि शेजारच्या शिकाऊ डॉक्टरशी इंग्रजीत बोलले. सगळीकडे पसरलंय, आता उपयोग नाही, घरी नेऊ द्या. सगळे सोपे शब्द होते, एकही अडला नाही. जन्मात पहिल्यांदा कुणाचं इंग्रजी मला पुरतं समजलं आणि तो मोबाइल खिडकीतून फेकून द्यावासा वाटला. मग आमच्याकडे वळून डॉक्टर हिंदीत म्हणाले, "दवाई लिख दी है, आराम करो."

बाहेर बाबांना बाकावर टेकवलं.

"औषधानं फरक पडन म्हणते डॉक्टर," मी म्हणाले.

बाबांनी माझ्या हातातल्या मोबाइलवर बोट ठेवलं.

"मलेबी समजलं, बाई."

तेवढ्यात आई गोळ्यांची पिशवी घेऊन धापा टाकत जिना चढून आली. "काय म्हणे डॉक्टर?"

मी तोंड उघडायच्या आधीच बाबा बोलले, "औषधानं फरक पडन म्हणते."