आईच्या घाटासाठी घेतलेला रेडिएटर

जुन्या जीपनं बोरघाट चढायचाय, काय काय बघून घेऊ, असं या ब्लॉगच्या एका वाचक मुलीनं मला विचारलंय. ब्रेक बघ, टायर बघ हे तिला कोणीही सांगेल. मी रेडिएटरचं सांगते. त्यासाठी मला सत्तरचं दशक संपतानाच्या एका वैशाखात जावं लागेल, आणि तो प्रवास काही मजेचा नव्हता. सहलीची गोष्ट वाचायला आलेल्यांनी राग मानू नये.

आम्ही कर्जतला, भिसेगावात राहायचो. मी शाळेत शिकवायचे आणि माझा थोरला भाऊ, दादा, वडिलांची जीप चालवायचा. वडिलांनी ती लष्कराच्या लिलावात घेतली होती. ते गेल्यावर ती दादाकडे आली. त्या वर्षी आईनं अंथरूण धरलं. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं, आणि त्याचा अर्थ आम्हाला कळला होता. आईचं मागणं एकच होतं. घाटावर, कामशेतच्या आत एका खेड्यात तिची धाकटी बहीण, आमची मावशी, पाय मोडून पडली होती. त्या दोघींना एकमेकींना एकदा बघायचं होतं. आईला बसवत नव्हतं, म्हणजे रेल्वे आणि एसटी दोन्ही बाद. जीपमध्ये मागे गादी टाकली की मात्र ती आडवी पडून जाऊ शकली असती.

पण जीप चार मैल गेली की वाफा सोडायला लागायची. तिचा रेडिएटर जुना गळका. गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची, ही आमच्याकडची रीत. हळद फुगते, बारीक भोकांत जाऊन बसते आणि गळती थांबते. वडील होते तेव्हापासून ती हळद आईच काढून द्यायची. मग स्वयंपाकघरातून विचारायची, "थांबली का रं गळायची?" थांबली म्हटलं की स्वतः गाडी दुरुस्त केल्यासारखी खूश व्हायची. आता मात्र गळत काहीच नव्हतं आणि तरीही गाडी तापत होती. रेडिएटर बदलल्याशिवाय घाट शक्य नाही, असं दादा म्हणाला.

आईजवळ शेजारच्या काकूंना बसवून आम्ही सकाळी सहाला निघालो. सोबत पाण्याचे दोन डबे आणि जुन्या रेडिएटरची मापं घेतलेली सुतळी. कर्जतहून चौकपर्यंतचा रस्ता तेव्हा अरुंद होता, पण सावलीचा. करवंदांच्या पाट्या घेऊन बायका बाजाराला चालल्या होत्या. दादानं वाटेत दोनदा थांबून पाणी घातलं. हायवेला लागून आधी लोधिवलीला गेलो. तिथं रस्त्याच्या कडेला मोडीत निघालेल्या गाड्यांचं आवार होतं आणि त्यात एका ट्रकचा रेडिएटर निघाला.

"एक नंबर माल हाय," मालक म्हणाला. "जरा मोठा हाय, पुढची पट्टी कापली की बसतोय."

"पाणी आत-बाहेर जायची तोंडं उलट्या बाजूला आहेत त्याची," दादा सुतळी लावत म्हणाला. "आणि पट्टी कापली तर तो बसवायचा कशावर?"

हे तुझ्यासाठी, मुली: नुसती लांबी-रुंदी मोजू नकोस, पाण्याची तोंडं कुठे येतात तेही लिहून ने.

उलटं फिरून खालापूरला येईतो गाडी पुन्हा उकळली. एका झाडाखाली तासभर उभे राहिलो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, नाहीतर तोंड भाजून निघतं. समोरच्या हॉटेलात चहा आणि वडे चांगले होते, म्हणजे दादा म्हणाला म्हणून. मला चव लागत नव्हती. वडे तळणाऱ्यानं जीपकडे बघून विचारलं, "कुठवर न्यायची हाय?" घाटावर, असं मी सांगितलं. त्यानं आणखी एक डबा पाणी भरून दिला.

घाटाच्या पायथ्याशी, शिळफाट्याला करीमचाचांचं गॅरेज होतं. ते आयुष्यभर रेडिएटरच दुरुस्त करत आलेले. सांध्यावरचा कथलाचा डाग तापवून त्यांनी वरची पितळी टाकी सोडवली आणि आम्हाला जवळ बोलावलं. आत पाण्याच्या बारीक नळ्यांची जाळी असते. त्यातल्या निम्म्याहून जास्त नळ्या पिवळ्या गाळानं गच्च भरल्या होत्या.

"किती वर्सं हळद खायला घालताय हिला?" चाचांनी विचारलं.

"वडील होते तेव्हापासून," दादा म्हणाला.

"मंग गळंल कशी? पानीच फिरत नाय आत." ते हसले. आम्ही हसलो नाही. हे आईला सांगायचं नाही, इतकंच दादा माझ्याकडे न बघता म्हणाला.

चाचांनी दोन वाटा सांगितल्या. दुकानात एक नवा तयार रेडिएटर होता, चकचकीत, नळ्यांच्या दोनच ओळी असलेला. मापात बसत होता आणि संध्याकाळपर्यंत लावून मिळाला असता. दुसरी वाट म्हणजे आमच्याच पितळी टाक्या ठेवून मधली जाळी नवी घालायची. तांब्याची, तीन ओळींची. ती कुर्ल्याहून मागवावी लागणार होती. गाडी परवा मिळाली असती.

"हा तयारवाला घाटात टिकेल का?" मी विचारलं.

"बाय, एकच फेरी मारायची असंल तर हा घाल. सकाळच्या गारव्यात निघा, थांबत थांबत जा, वर जाईल. गाडी ठेवायची असंल तर जाळी बदल."

"हाच घेऊ गं," दादा म्हणाला. "आईला एकदा वर नेऊन आणू."

"एकदाच का?" मी इतक्या जोरात म्हणाले की गॅरेजमधली माणसं बघायला लागली. आम्हाला एकच फेरी करायची होती. मला ते पक्कं माहीत होतं. पण दोन ओळींचा रेडिएटर घेणं म्हणजे आई पुन्हा कधी घाट चढणार नाही यावर सही करणं, असं मला वाटलं, आणि ती सही माझ्यानं होईना. आई बरी होईल, दिवाळीला आपण पुन्हा जाऊ, असलं काहीबाही मी बोलत राहिले. दादानं वाद घातला नाही. जाळी बदला, असं मीच चाचांना सांगितलं आणि जीप तिथेच ठेवून आम्ही एसटीनं परतलो.

"काय झालं व्हतं रं तिला?" आईनं पडल्या पडल्या विचारलं.

"जुनी झाली, दुसरं काय," दादा म्हणाला. "परवा मिळेल."

"परवा तर परवा. दोन दिसांनी काय बिगडतंय." मग तिनं मला तिचं निळं लुगडं पिशवीत भरायला लावलं. वर्तमानपत्राच्या कागदात हळदीची एक पुडीही बांधून घेतली. "घाटात गळली तर व्हईल. तुमी इसरता." दादानं पुडी खिशात घातली.

तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं शिळफाटा गाठला. काम बघण्यासारखं झालं होतं. चाचांनी स्वतः पाणी भरलं, अर्धा तास इंजिन चालू ठेवून हातानं वरखाली चाचपून बघितलं. "आता हळद भाजीत घाला," ते म्हणाले. पळसदरीच्या रस्त्यानं घरी येताना तापमानाचा काटा निम्म्याच्याही खाली होता. दादा कितीतरी दिवसांनी हसत होता. आमच्या आळीच्या वळणावर माणसं उभी दिसली, दारात चपला दिसल्या, आणि त्यानं गाडी तिथेच थांबवली.

आई अर्ध्या तासापूर्वी गेली होती. काकू एवढंच म्हणाल्या, "गाडी आली का, सारखी तेच इचारत व्हती."

आईचे दिवस झाल्यावर आम्ही मावशीकडे निघालो. तिचा पाय बरा होईपर्यंत तिला काही कळवायचं नाही, असं तिच्या मुलानं ठरवलं होतं. पण तिला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये, असं आम्हाला वाटलं. घाटात वळणावळणाला ट्रक बॉनेट उघडून उभे होते. शिंग्रोबाच्या देवळापाशी दादानं नेहमीसारखं नाणं टाकलं. आमचा काटा हललासुद्धा नाही. आईसाठी मागे टाकून ठेवलेली गादी आम्ही काढली नव्हती.

जीपचा आवाज मावशीनं आतूनच ओळखला. आम्ही खोलीत गेलो तेव्हा ती सुनेकडून केस विंचरून घेत होती. माझ्यामागच्या दाराकडे बघत म्हणाली, "अक्का मागं झोपलीय व्हय? आणा की तिला."

 मी निळं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. ती बराच वेळ त्याच्या घडीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "गाडीनं दगा दिला का रं?"

"नाही मावशी," दादा म्हणाला. "चांगली चढली. एकदाही तापली नाही."

"मग आदी का न्हाई आणलीत तिला?"

दादा बाहेर गेला आणि उगाच बॉनेट उघडून उभा राहिला. मी मावशीचा हात धरून बसले. मला खूप रडू आलं, आणि तिनंच माझे डोळे पुसले.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा दादानं खिशातली हळदीची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. त्या दिवशीच्या आमटीत मी तीच घातली. नंतर ती जीप आमच्याकडे कितीतरी वर्षं होती. आम्ही तिच्यातून घाट पुष्कळदा चढलो आणि ती एकदाही उकळली नाही. विकताना दादानं तो रेडिएटर काढून ठेवला. अजून परसात भिंतीला टेकून उभा आहे.

तेव्हा मुली, गाडी हौसेची असेल तर तांब्याची तीन ओळींची जाळीच घाल, डोळे झाकून. पण वर कोणी वाट बघत असेल, तर त्याच संध्याकाळी बसणारा घे. सकाळच्या गारव्यात निघ, थांबत थांबत जा. तोही वर जातो.