चारशे पावांचं माप

दादाच्या नव्या अर्जात तो प्रश्न नव्हता! मी अर्ज उलटा केला, सुलटा केला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. नव्हताच. ‘पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का?’ या एका चौकटीने माझ्या भावाला अकरा ठिकाणांहून हात हलवत परत पाठवलं होतं. खोटं लिही म्हटलं तर लिहायचा नाही. ‘हो’ इतकं ठसठशीत लिहायचा की पुढचं कोणी वाचायचंच नाही. एवढा सरळ माणूस नऊ वर्षं तुरुंगात काढून आलाय, यावर कोण विश्वास ठेवील?

पण काढली खरी. भांडणात त्याने एका माणसाला जिन्यावरून ढकललं आणि तो माणूस गेला. मी हे कधी सारवासारव करून सांगत नाही, दादाही सांगत नाही. आत त्याला भट्टीवर कामाला लावलं, आणि ज्याला साधा चहा जमत नव्हता तो माझा भाऊ पाव करायला शिकला. त्याचं प्रमाणपत्रही मिळालं. बाहेर मात्र त्यावरचा तुरुंगाचा शिक्का बघून लोक कागदाला हात लावायला कचरायचे.

आणि मग नवा कायदा आला! मी टायपिंगच्या दुकानात काम करते, त्यामुळे तो अथपासून इतिपर्यंत वाचलेली गावात मी एकटीच असेन. आधी माणसाचं काम बघायचं, ते पसंत पडलं की मगच मागचं विचारायचं. आतलं प्रमाणपत्र बाहेरच्याइतकंच धरायचं. मी ते दादाला इतक्यांदा वाचून दाखवलं की तो म्हणाला, “अगं, पुरे! मला शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनीसुद्धा एवढं वाचलं नव्हतं.”

दादाने तो नवा अर्ज भरला आणि पहिल्याच आठवड्यात गावातल्या मोठ्या बेकरीतून बोलावणं आलं. मी सोबत गेलेच. पर्समध्ये कायद्याच्या दोन प्रती, एक हरवली तर दुसरी असावी म्हणून.

“पन्नास पाव करून दाखवा,” मालकीणबाई म्हणाल्या. “माल तिकडे आहे.”

दादा पिठाच्या पोत्यासमोर उभा राहिला तो राहिलाच. तिथले एक जुने कारागीर, सगळे त्यांना भट्टीवाले काका म्हणत, हाताची घडी घालून बघत होते. मी बाकावरून खुणा करतेय, सुरू कर, सुरू कर! शेवटी तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “मला पन्नासचं माप येत नाही गं.”

“म्हणजे?”

“आत चारशे माणसं. एक पोतं पीठ, दोन बादल्या पाणी, डबाभर खमीर, मगभर मीठ. नऊ वर्षं तेच. दोन बादल्यांचा आठवा भाग किती, देव जाणे.”

“मग येतं तेच कर!” मी म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. दादाने अख्खं पोतं परातीत उलटं केलं होतं.

“अहो, पन्नास म्हटलं होतं मी!” बाई ओरडल्या.

पण दादाला आता काही ऐकू येत नव्हतं. कोपरापर्यंत पिठात बुडून तो तिंबत होता. नऊ वर्षं मी जाळीपलीकडून त्याचा नुसता चेहरा बघितला होता. त्याचे हात काम करताना मी आज पहिल्यांदा बघत होते, आणि मला इतका आनंद झाला की मी बाकावरच टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने काका न बोलावता पुढे झाले आणि गोळे तोडू लागले. “एकट्याने चारशे? माणूस आहेस की यंत्र?”

“एवढं मोठं माप कुठे शिकलात?” बाईंनी विचारलं.

मी ताडकन उठले. “नाही विचारता येणार! कलम सहा! आधी काम!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कलम ओरडून मीच सगळं सांगून बसले होते. अक्कल पाजळली ती अशी!

दादाने मान वर केली नाही. “सगळं सांगेन, बाई. आधी पाव बघा.”

पाव निघाले. खरपूस, फुगलेले, ताटांमागून ताटं. बाईंनी एक फोडला, वास घेतला, खाल्ला. काकांनी दोन खाल्ले. “उद्या पहाटे चारला या,” बाई म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. “हं, आता सांगा.”

दादाने हात पुसले आणि सांगितलं. भांडण, जिना, त्या माणसाचं नाव, सगळं. अजूनही नाही म्हणायची बाईंना मुभा होती, ते कलमही मला पाठ होतं.

“त्या माणसाच्या घरी कोण होतं?” त्यांनी विचारलं.

“आई. मी दरवर्षी पत्र लिहितो. उत्तर येत नाही.”

“लिहीत राहा,” बाई म्हणाल्या आणि उठल्या. “आणि चार म्हणजे चार. सव्वाचार चालणार नाहीत.”

मी धावत जाऊन बाईंच्या गळ्यातच पडले. दादा मात्र जागचा हलला नाही. काकांकडे बघून, स्वतःलाच पटवत असल्यासारखा, तो म्हणाला, “मला उद्या कामावर जायचंय.”